एक गुंठा डकवीड म्हणजे पाऊण किलो ढेप

यावलकडच्या एका भावाने विचारलंय. त्यांच्याकडे चार म्हशी आहेत, पंचवीसेक गावरान कोंबड्या आहेत, केळीच्या कडेला प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे आणि बांधाला लागून गावाचा नाला वाहतो. मोबाईलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं की डकवीडमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या हिरव्या टिकल्यांसारख्या बारीक रोपात, ४० टक्के प्रोटीन असतं, ते दोन दिवसांत दुप्पट होतं, त्यामुळे ढेपेचा खर्च बंद होतो आणि वर नाल्याचं पाणीही साफ होतं. कल्चर, म्हणजे त्याचं बियाणं, विकणारा किलोला पाचशे रुपये मागतोय. ते घ्यावं का, म्हशीला चालेल का, नाल्याच्या पाण्यावर वाढेल का, आणि बीएस्सीला असलेल्या त्यांच्या मुलीला यावर प्रोजेक्ट करायचाय तर तिने नेमकं काय करावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

भाऊ, मी अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या अंगाला अकरा वर्षं हे रोप वाढवतोय. चार वेळा ते पूर्ण मेलं आणि चार वेळा पुन्हा आणलं. पहिल्या वर्षी शेजारचे आबा बांधावर उभे राहून म्हणाले होते, "हाई शेवाय म्हशीले घालस का रे भो?" तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, प्रश्न बरोबरच होता.

आधी आबांची चूक दुरुस्त करतो. हे शेवाळ नाही आणि अझोलाही नाही. अझोला हे नेच्याच्या कुळातलं आहे. त्याच्या पानात राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरतात, म्हणून स्वच्छ पाण्यात थोडं सुपर फॉस्फेट आणि शेण टाकलं तरी ते वाढतं. डकवीड ही फुलं येणारी वनस्पती आहे. फुलं क्वचितच येतात आणि डोळ्याला दिसतही नाहीत, तो भाग वेगळा. हवेतला नत्र मात्र तिला मिळत नाही, तो पाण्यातूनच घ्यावा लागतो. अझोला जिथे छान वाढतो त्या खड्ड्यात डकवीड उपाशी राहतं, आणि डकवीड जिथे माजतं ते पाणी अझोलाला फार कडक पडतं. कृषी मेळाव्यात दोन्ही एकाच टेबलावर मांडतात, त्यामुळे लोकांना वाटतं एकच आहे.

तुमच्याकडे कोणतं आहे हे ओळखायचं असेल तर एक टिकली बोटावर घ्या आणि उलटी करा. खालून जांभळट लाल आणि मुळांचा झुपका दिसला, सात-आठ किंवा जास्तच मुळं, तर ती स्पायरोडेला. एकच मूळ लोंबत असेल तर लेम्ना. मूळच नसेल आणि हातावर हिरवा रवा लागल्यासारखं वाटत असेल तर ती वुल्फिया, जगातली सगळ्यात लहान फुलझाडं हीच. थायलंडमध्ये वुल्फिया भाजीसारखी खातात, तिथे तिला 'पाण्याची अंडी' अशा अर्थाचं नाव आहे. या कुळात एकूण पाच प्रजाती आणि छत्तीसेक जाती आहेत. आपल्याकडे हिवाळ्यात कुठल्याही साचलेल्या डबक्यावर, जुन्या बारवेत, गुरं बसतात त्या डोहात लेम्ना आणि स्पायरोडेला सापडतात. म्हणजे पाचशे रुपयांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं इथेच आलं. उरलेलं अर्धं असं, की एक किलो ओल्या डकवीडमध्ये साधारण ९४० ग्रॅम पाणी असतं. पाचशे रुपयांत तुम्ही साठ ग्रॅम कोरडा माल विकत घेता.

व्हिडिओत जी गोष्ट कोणी सांगत नाही ती इथेच दडलेली असते. ४० टक्के प्रोटीन खोटं नाही, पण ते कोरड्या मालावरचं आहे आणि तेही नत्राने भरलेल्या पाण्यावर वाढलेल्या डकवीडमधलं. साध्या विहिरीच्या पाण्यावर वाढलं तर तेच १५ टक्क्यांवर येतं आणि तंतू वाढतात. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, मुळं बघायची. पाण्यात खायला कमी असलं की लेम्नाचं मूळ लांबच लांब सुटतं, दोन-तीन इंचापर्यंत. पाणी सकस असेल तर मूळ आखूड आणि टिकली गडद हिरवी. मुळं लांब आणि टिकली पिवळट दिसली की समजायचं, आपण म्हशीला पाणी आणि काथ्या खाऊ घालतोय.

आता चांगलं वाढलेलं धरू, ३० टक्के प्रोटीनचं. दहा किलो ओल्या डकवीडमध्ये सहाशे ग्रॅम कोरडं, त्यात १८० ग्रॅम प्रोटीन. सालासकट सरकीच्या ढेपेत २० ते २२ टक्के प्रोटीन असतं, म्हणजे किलोत दोनशे ग्रॅमच्या वर. तर दहा किलो डकवीड बरोबर पाऊण किलोहून थोडी जास्त ढेप. आता दहा किलो निघायला जागा किती लागते? माझ्याकडे पावसाळा ओसरल्यापासून होळीपर्यंत, सगळं जमून आलं तर, चौरस मीटरला दिवसाकाठी शंभर ग्रॅमच्या आसपास ओला माल निघतो. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. हिशेब इतका सरळ बसतो की मी तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय: एक गुंठा, दहा किलो, पाऊण किलो ढेप.

चार दुभत्या म्हशींना रोज तीन-तीन किलो ढेप लागते असं धरलं तर बारा किलो. ती सगळी डकवीडने भागवायची तर पंधरा गुंठे पाणी पाहिजे आणि रोज दीडशे किलो चिखल्या माल जाळीने काढून, निथळून गोठ्यापर्यंत वाहून आणायचा. त्यासाठी ठेवलेल्या माणसाच्या मजुरीत ढेपेची पोती आली असती. शिवाय ढेपेत तेलाचा अंश असतो, त्याने दुधाला जो फॅट लागतो तो डकवीड देत नाही. ओला पाणीदार चारा म्हशीच्या पोटात जागाच जास्त अडवतो. त्यामुळे म्हशीपुरतं माझं उत्तर असं: दिवसाला किलो-दोन किलो, कुट्टीत किंवा पेंडीत कालवून, हिरव्या चाऱ्याची चव म्हणून द्या. पहिल्या आठवड्यात दोनशे ग्रॅमपासून सुरू करा. ढेप बंद करू नका. जिला आवडलं ती म्हैस दुसऱ्या दिवसापासून खाते, जिला नको ती दहा दिवस नाक मुरडते. शेळ्यांनी तर माझ्याकडे आजवर मनावर घेतलेलं नाही.

कोंबड्यांचं गणित मात्र वेगळं आहे आणि तुमच्यासाठी खरा फायदा तिथेच आहे. पंचवीस कोंबड्या दिवसाला अडीच किलो खाद्य खातात असं धरा. त्यातला दहा टक्के भाग डकवीडने बदलायचा तर कोरडं अडीचशे ग्रॅम, म्हणजे ओलं चारेक किलो. तेवढं अर्ध्या गुंठ्यात निघतं. डकवीडच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा प्रोटीनचा घटक चांगला असतो, जो मक्यात कमी पडतो, म्हणून मक्याच्या भरड्याबरोबर ते जुळतं. आणि बलक असा केशरी होतो की आठवडी बाजारातल्या बायका अंडं फोडून दाखवायला सांगतात. पण वाळवून द्या. पहिल्या वर्षी मी हौसेने टोपलीभर ओलं टाकत होतो. कोंबड्यांनी पाण्यानेच पोट भरलं, विष्ठा पातळ झाली आणि पंधरा दिवसांत अंडी निम्म्यावर आली. मला वाटलं रोग आला. रोग काही नव्हता, माझी टोपली होती. आता मी शेडनेटच्या तुकड्यावर पातळ पसरून सावलीत वाळवतो. आपल्या उन्हात उघड्यावर वाळवलं तर दुपारपर्यंत कुरकुरीत होतं खरं, पण रंग उडतो, आणि त्या रंगासाठीच तर कोंबडीला द्यायचं.

कोंबड्यांवरून आणखी एक. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आपल्या खान्देशातली किती कोंबडी पुरली हे तुम्ही घरी ऐकलं असेल. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात, आणि डकवीड हे नावाप्रमाणे बदकांचंच खाणं आहे. जिथे रानबदकं बसतात त्या तळ्यातला ओला माल उचलून थेट खुराड्यात नेऊ नका. कोंबड्यांसाठीच्या खड्ड्यावर जाळी टाका. जाळीला फार पैसे लागत नाहीत.

मासे असतील तर सगळ्यात सोपं. ग्रास कार्प आणि तिलापिया डकवीड सरळ खातात. ग्रास कार्प एकदा बोटुकलीच्या पुढे गेला की रोज आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत ओलं डकवीड संपवतो. कटलाला त्याचा थेट उपयोग नाही, तो वरचं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाणारा. ग्रास कार्पच्या शेणाने पाणी हिरवं होतं आणि मग कटलाचं भागतं. तळ्याचा एक कोपरा चौकटीने अडवून त्यात रोज टाकायचं. संध्याकाळी चौकट रिकामी दिसली तर उद्या थोडं वाढवायचं, शिल्लक राहिलं तर कमी करायचं. माशांच्या तळ्यावरच डकवीड वाढवू नका. पूर्ण झाकलं की खाली प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे तोंड वर काढतात.

आणि तुमच्या त्या केळीच्या शेततळ्यात तर अजिबात सोडू नका. ठिबक आहे ना? पंपाच्या फुटवॉलला लागलं की आधी फिल्टर तुंबतो, मग लॅटरल नळ्या. एकदा आत गेलं की मेलेल्या टिकल्यांचा काळा साका ड्रिपरमध्ये बसतो. माझ्या मेहुण्याने ॲसिड सोडून सोडून अर्धा हंगाम घालवला. तळं स्वतंत्र पाहिजे, लहान पाहिजे, उथळ पाहिजे.

ते कसं करायचं हे थोडं विस्ताराने लिहितो, कारण लोक इथेच हरतात. खड्डा सहा मीटर बाय तीन मीटर, खोली दीड-दोन फूट. हिवाळ्यात फूटभर पाणी पुरतं, पण उन्हाळ्यात दोन फूट लागतंच. डकवीडला २० ते ३० अंश पाणी आवडतं, ३५ च्या वर ते आजारी पडतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ ला जाते. काळ्या प्लास्टिकवरच्या फूटभर पाण्यात मी दुपारी अडीचला थर्मामीटर बुडवला तेव्हा ४० दाखवलं. त्या वेळी आठ दिवसांत सगळं पांढरं झालं आणि तळाला बसलं. तेव्हापासून होळी झाली की निम्म्या खड्ड्यावर ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट टाकतो आणि बियाण्यापुरतं एक घमेलं निंबाखालच्या सिमेंटच्या हौदात वेगळं ठेवतो. खड्ड्यातलं मेलं तरी हौदातलं जगतं. जूनमध्ये पाऊस पडला की तिथून पुन्हा सुरुवात.

वारा हा दुसरा शत्रू. डकवीडला जमिनीचा आधार नाही, वारा आला की सगळी टिकली एका काठाला गोळा होते, एकावर एक चढून कुजते आणि बाकी पाण्यावर ऊन पडून शेवाळ येतं. पुस्तकात बांबूच्या चौकटी सांगितल्यात. आपल्या भागात बांबूपेक्षा जुन्या ठिबकच्या नळ्या फुकट मिळतात. १६ एमएमची नळी घ्यायची, भोकं असलेला भाग कापून टाकायचा, दोन्ही टोकं तापवून पक्कडीने दाबायची, आत हवा राहिली की ती तरंगते. दोन-दोन मीटरचे चौकोन करून पाण्यावर सोडा. माझ्या नळ्या सहा वर्षं चालल्यात.

काढणी किती करायची? यासाठी अर्ध्या मीटरची एक चौकट बनवा, पाइपचीच. पाण्यावर ठेवा, आतलं सगळं चाळणीने उचला, पाच मिनिटं निथळू द्या आणि वजन करा. शंभर ते दीडशे ग्रॅम भरलं तर घनता ठीक. दोनशेच्या वर गेलं तर टिकल्या एकमेकांच्या डोक्यावर बसल्यात, वाढ थांबलीय, काढा. साठ-सत्तर ग्रॅमच्या खाली आलं तर हात आवरा, नाहीतर मोकळ्या जागेत शेवाळ घुसेल. 'दोन दिवसांत दुप्पट' हे प्रयोगशाळेतलं खरं आहे. खड्ड्यात तीन ते पाच दिवस धरा. दुप्पट होण्याला जागाही दुप्पट लागते, एवढंच लोक विसरतात. मावा पडला तर औषध मारू नका. कमळावर येतो तोच मावा यावरही येतो. सकाळी पाइपाने जोरात पाणी मारून टिकल्या क्षणभर बुडवा, मावा वाहून जातो.

आता खाद्य, म्हणजे पाण्याचं खाद्य. तुमच्याकडे चार म्हशी आहेत म्हणजे शेणाची स्लरी आहे. बायोगॅस असेल तर उत्तम, नसेल तर गोठा धुतलेलं पाणी आठवडाभर टाकीत निवळू द्या आणि वरचं पाणी वापरा. इथे माझ्या डकवीडच्या पहिल्या दोन मरणांची गोष्ट आहे. पहिल्या वर्षी मी एकदम पाच घमेली स्लरी ओतली. तिसऱ्या दिवशी टिकल्या कडेने पांढऱ्या, पाचव्या दिवशी जाळीत नुसता लगदा. मी समजलो स्लरी वाईट होती. म्हणून वेगळ्या गोठ्यातली आणली आणि तीच चूक पुन्हा केली. चूक पाण्यात होती. आपल्या काळ्या जमिनीखालच्या विहिरींचं पाणी कडक, माझ्या विहिरीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ८.४. शेणातला अमोनिया पीएच ७ ला जवळजवळ सगळा निरुपद्रवी रूपात असतो, शंभरातला एखादाच भाग मोकळा वायू. पीएच ९ ला मात्र उन्हाळ्याच्या तापमानात शंभरातले चाळीसच्या आसपास मोकळे होतात, आणि तोच भाग मुळांना जाळतो. खड्ड्यावर थोडी जागा मोकळी राहून शेवाळ आलं की दुपारी पीएच आपोआप ९ कडे जातो. म्हणजे पातळ लावलं, वारा आला, शेवाळ आलं, पीएच चढला, स्लरी पडली आणि मेलं. ही साखळी आहे. पीएच पट्टी शाळेच्या दुकानात मिळते. दुपारी तीनला बघा, सकाळी बघून फसाल. आणि खड्ड्यावर वाकल्यावर नाकाला झोंबलं तर त्या दिवशी स्लरी नाही.

सुरुवातीला तीन बादल्या घ्या, प्रत्येकीत दहा लिटर पाणी. एकीत अर्धा पेला निवळलेली स्लरी, दुसरीत एक, तिसरीत दोन. प्रत्येकीत पन्नास टिकल्या मोजून टाका आणि पाचव्या दिवशी मोजा. तुमच्या पाण्याला किती झेपतं ते बादलीच सांगेल, माझं ऐकायची गरज नाही.

आता नाला. तुम्ही जो विचार करताय तो जगात झालेला आहे. बांगलादेशात टांगाईल जिल्ह्यात मिर्झापूरला कुमुदिनी रुग्णालयाच्या परिसराचं सांडपाणी १९९०च्या आसपासपासून डकवीडच्या लांब तळ्यातून फिरवलं जात होतं आणि काढलेलं डकवीड शेजारच्या तळ्यांतल्या माशांना जात होतं. आपल्याकडे भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेला केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनेही डकवीड आणि मासे जोडून सांडपाणी साफ करण्याची पद्धत बसवली. तेव्हा होत नाही असं नाही.

पण डकवीड नेमकं काय साफ करतं ते समजून घ्या. ते पाण्यातला नत्र आणि स्फुरद उचलतं. शेवाळाला ऊन लागू देत नाही, म्हणून पाणी निवळ दिसतं. गालिचा घट्ट असेल तर डास कमी, वासही कमी. विष्ठेची आणि खरकट्याची घाण जी कुजते, ती कुजवण्याचं काम बहुतांशी जिवाणूंचं आहे, डकवीडचं नाही. आणि रोगजंतूंच्या बाबतीत तर डकवीड उलट काम करतं. रोगजंतू मारायला ऊन लागतं आणि डकवीड ऊन अडवतं. म्हणून डकवीडच्या तळ्यातून निघालेलं पाणी काचेच्या ग्लासात कितीही स्वच्छ दिसलं तरी ते पुढे एका उघड्या, उथळ, उन्हातल्या तळ्यातून जायला हवं, आणि मग केळीला द्यायचं. भाजीपाल्याला नको.

जागेचा अंदाज असा. माणशी रोज पन्नास लिटर सांडपाणी धरा. ते वीसेक दिवस तळ्यात राहिलं पाहिजे, म्हणजे हजार लिटर. तळं मीटरभर खोल, म्हणजे माणशी एक चौरस मीटर, हे अगदी किमान. पाचशे वस्तीच्या गल्लीला पाच गुंठे. आधी गाळ बसायला वेगळी टाकी, नाहीतर प्लास्टिकच्या पिशव्या आणि फेस यानेच खड्डा भरतो. आणि काढणी थांबली की सगळं फुकट: टिकली मरते, तळाला बसते आणि घेतलेला नत्र पाण्याला परत करते. म्हणजे कोणाला तरी दर दोन-तीन दिवसांनी जाळी घेऊन उतरायचंच आहे. गावाने हे काम ठरावात घेतलं आणि माणूस नेमला तरच हात घाला. तुम्ही एकट्याने गावाचा नाला अंगावर घेऊ नका. घरच्या गोठ्याचं आणि मोरीचं पाणी मात्र आजपासून घेता येईल.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. डकवीड पाण्यातलं जे असेल ते उचलतं. नत्र उचलतं तसंच कॅडमियम, शिसं, क्रोमियम, तांबं, जस्तही उचलतं आणि साठवतं. म्हणून तर ते सफाईला चांगलं. पण सफाई करणाऱ्याच्या खिशात जे गोळा झालं ते म्हशीच्या गव्हाणीत जायला नको. नाल्यात वर कुठे गॅरेज आहे, बॅटरीचं दुकान आहे, दागिन्यांना मुलामा देणारा आहे का, हे आधी पायी फिरून बघा. असेल तर त्या पाण्यावरचं डकवीड ना जनावराला, ना माशाला, ना भाजीच्या खताला. नुसतं घरगुती पाणी असेल तर ते वाढवा, काढा, उकिरड्यात शेणाबरोबर तापू द्या आणि सहा महिन्यांनी केळीला टाका. जनावराच्या खाद्याचा खड्डा वेगळा, तो फक्त स्वतःच्या गोठ्याच्या स्लरीवर. जाळी वेगळी, घमेलंही वेगळं. मी खाद्याच्या घमेल्याला हिरवा पट्टा मारलाय आणि सफाईच्या घमेल्याला लाल, कारण घरातली पोरं वाचत नाहीत पण रंग ओळखतात.

खाद्याच्या खड्ड्यातही एक गोष्ट बघत राहा, गोगलगायी. पाण्यातल्या लहान शंखांच्या आत यकृतातल्या चपट्या जंतांची पिल्लं वाढतात आणि मग ती पाणवनस्पतीवर चिकटून म्हशीच्या तोंडाची वाट बघतात. जिथे गुरं डबक्यात उतरतात तिथून आणलेल्या बियाण्याबरोबर हे शंख येतातच. म्हणून आणलेलं बियाणं तीन-चार बादल्यांतून धुऊन, हाताने शंख वेचून मगच सोडा. खड्ड्यात शंख दिसले तर ओलं देणं बंद, कडक वाळवून द्या, आणि जंताच्या औषधासाठी डॉक्टरांना विचारा. डकवीडमध्ये जास्त झाल्यास जनावराला बाधणारं ऑक्झलेटही थोडं असतं, पण किलो-दोन किलोच्या मात्रेत म्हशीला त्याचा प्रश्न येत नाही.

राहिली मुलगी. तिचा प्रश्न मला तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा आवडला. हे रोप अभ्यासाला इतकं सोयीचं आहे की जगभर तणनाशक आणि औद्योगिक पाण्याची विषारीपणा-चाचणी लेम्नावर करतात. त्याची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ठरलेली पद्धत आहे, क्रमांक २२१. सात दिवस, काचेच्या भांड्यात, टिकल्या मोजायच्या. विष न घातलेल्या साध्या भांड्यातल्या टिकल्या सात दिवसांत साधारण सातपट व्हायला हव्यात, नाहीतर चाचणी रद्द. टिकली फुटून पिल्लू देते, ते आईसारखंच, बी नाही, संकर नाही. एका टिकलीपासून तिने हजार केल्या तर हजार जुळ्या. त्यामुळे फरक दिसला तर तो पाण्याचा, रोपाचा नाही.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे, तो तिला सांगा. दिल्ली विद्यापीठात सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९५०च्या दशकात वुल्फियाच्या गर्भाच्या वाढीवर काम केलं. हेच माहेश्वरी पुढे १९६४ साली सिप्रा गुहा यांच्यासोबत धोतऱ्याच्या परागकोशातून अगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपं तयार करून जगभर गाजले. त्यांच्या अभ्यासातली वुल्फिया मायक्रोस्कोपिका आपल्या उपखंडातली आहे आणि योग्य परिस्थितीत सुमारे ३० तासांत दुप्पट होते, फुलझाडांमध्ये एवढं वेगाने वाढणारं दुसरं माहीत नाही. स्पायरोडेलाचा जनुकसंच २०१४ साली वाचून झाला. तो १५८ मेगाबेसचा, म्हणजे सुमारे पंधरा कोटी ऐंशी लाख अक्षरांचा, भाताच्या निम्म्याहूनही लहान, आणि जनुकं सुमारे १९,६००.

प्रोजेक्ट मी असा सुचवेन. तुमच्या पट्ट्यात मका आणि केळी शेजारी-शेजारी. मक्यात ॲट्राझिन पडतं, बांधावर पॅराक्वाट, दोन्ही तणनाशकं. फवारणीचा पंप कुठे धुतला जातो? चारीत. तिने तीन ठिकाणचं पाणी आणावं: विहिरीचं, पहिल्या मोठ्या पावसानंतर चारीतलं, आणि पंप धुण्याच्या जागेच्या खालचं. चौथं साधं, पोषक घातलेलं. प्रत्येक पाण्याची तीन भांडी, प्रत्येकात बारा टिकल्या, मुलामा नसलेल्या काचेच्या वाडग्यात, खिडकीच्या उजेडात पण थेट उन्हात नाही. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी वरून मोबाईलने फोटो आणि मोजणी. दिसणारं प्रत्येक टोक मोजायचं की सुटी टिकलीच, हे पहिल्या दिवशी ठरवावं आणि शेवटपर्यंत बदलू नये. बहुतेक मुलांचे आकडे इथेच बिघडतात. तणनाशकाचा अंश असेल तर टिकली आधी कडेने फिकट होते, मग पिल्लं सुटायची थांबतात. माझ्या खड्ड्याला हे एकदा शेजाऱ्याच्या पंपाने दाखवून दिलं होतं: चारीच्या बाजूचा चौकोन पांढरा आणि पलीकडचा हिरवागार, मध्ये फक्त ती जुनी ठिबकची नळी.

बियाणं विकत घेऊ नका. अमळनेरकडे येणं झालं तर हौदातलं घमेलंभर घेऊन जा, नाहीतर दिवाळीनंतर जवळच्या बारवेत डोकावा. येताना पसरट डबा आणा, झाकणाला भोकं पाडून. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेलं तर चोपड्यापर्यंत जाईतो उबून काळं पडतं.